कळतंय सगळं, वळत का नाही? : एडीएचडी कोचिंगबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात मी फक्त एवढंच लिहिलं होतं की एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं जड जाणं असा मेंदूच्या जडणघडणीतला त्रास, ही शाळकरी मुलांचीच गोष्ट नाही, मोठ्या माणसांनाही असतो, त्यांच्यासाठी कोच असतात, मी तेच काम करते आणि मला स्वतःलाही तो आहे, निदान झालं तेव्हा मी ३९ वर्षांची होते. त्यावर इतकी पत्रं आली की काय सांगू. ती वाचायला मला दोन आठवडे लागले, कारण "नीट निवांत बसून वाचू" म्हणून मी ती बाजूला ठेवली होती आणि ज्यांना हा त्रास आहे त्यांना माहितीये नीट निवांत कधीच येत नाही. शेवटी संपादकांचा फोन आला, कंपोझिंगला पान जायचंय म्हणाले, तेव्हा बसले. सगळ्यांची नावं गाळलीयेत, पत्रं थोडी कापलीयेत.

"मी ३४, पुण्यात आयटीत आहे. निदान होऊन आठ महिने झाले, गोळी चालू आहे. लक्ष लागतं आता, पण नको त्या गोष्टीला लागतं, परवा रिपोर्ट सोडून तीन तास लॅपटॉपमधले जुने फोटो लावत बसले. कोच म्हणजे नक्की करतो काय? काउन्सेलरपेक्षा वेगळं काय? एवढे पैसे देऊन कुणी टू-डू लिस्टच करून देणार असेल तर ती मला करता येते, माझ्या फोनमध्ये त्यासाठी सात ॲप्स आहेत."

सात ॲप्स वाचून मोठ्यांदा हसले मी. माझ्याकडे डायऱ्या आहेत, अकरा, प्रत्येकीची पहिली चार पानं एकदम सुवाच्य अक्षरात आणि पुढे कोऱ्या. म्हणजे यादी करणं हा तुमचा-माझा प्रॉब्लेम कधी नव्हताच. आपल्याकडे म्हणतात ना, कळतं पण वळत नाही. लहानपणी ते मी शिवी म्हणूनच ऐकलंय, पण एडीएचडीचं याहून नेमकं वर्णन मला अजून कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडलेलं नाही. रसेल बार्कली म्हणून एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, आयुष्यभर याच विषयात काम केलेले, त्यांचंही म्हणणं थोडक्यात हेच आहे की माहिती कमी नसते, माहीत असलेलं वेळेवर हातून होत नाही, आणि म्हणून मदत लागते ती काम जिथे अडतं त्या जागेवर आणि त्या क्षणाला. केबिनमध्ये ऐकलेलं चांगलं भाषण लिफ्टमधून खाली येईपर्यंतच टिकतं.

फरक सांगते. निदान आणि औषध हे मानसोपचारतज्ज्ञांचं काम. मागची दुखणी, चिंता, डिप्रेशन, नात्यातल्या गाठी हे थेरपिस्टचं. कोच यातलं काही करत नाही, करूही नये. कोच तुमचा मंगळवार बघतो. मंगळवारी काय करायचं होतं, कुठपर्यंत आलं, कुठे अडलं.

एक उदाहरण देते, ओळख पटणार नाही इतकं बदलून. तिशीतला मुलगा, पगार चांगला, आणि तीन महिन्यांचं लाइटबिल थकलेलं, मीटर कापायला माणूस दारात येऊन गेला. घरचे म्हणतात बेफिकीर, तो स्वतःही तेच म्हणतो. सेशनमध्ये आम्ही ते बिल भरायलाच बसलो, मी काही बोलत नव्हते, फक्त तो काय काय करतो ते बघत होते. बिल फ्रिजवरच्या ढिगातून काढलं. ॲप उघडलं. पासवर्ड आठवेना. पासवर्ड विसरलात वर गेला, ओटीपी पाठवला असं आलं, आणि तो थांबला. फोन खाली ठेवला, चहा टाकू का म्हणाला. म्हटलं थांब, आत्ता काय झालं? तर ओटीपी जातो वडिलांच्या नंबरवर, कारण कनेक्शन त्यांच्या नावावर आहे, आणि वडिलांना फोन करून ओटीपी मागायचा म्हणजे "अजून बिल भरलं नाहीस?" पासून सुरू होणारी वीस मिनिटं ऐकायची. तीन महिने हा पोरगा त्या वीस मिनिटांपासून पळत होता आणि त्याचं नाव सगळ्यांनी आळस ठेवलं होतं. नंबर बदलून घेतला, दर महिन्याला खात्यातून आपोआप पैसे जातील असं केलं, विषय संपला. हे कोचिंग. यात ज्ञान काहीच नाही हो, फक्त "का नाही केलंस" ऐवजी "कुठे थांबलास" हा प्रश्न आहे, आणि तो विचारताना आवाजात राग नसणं आहे. दुसरं वाटतं त्याहून अवघड असतं.

साधारणपणे पहिलं सेशन लांब चालतं, मग आठवड्याला एक, चाळीस-पन्नास मिनिटांचं, मध्ये एकदोन व्हॉट्सॲप मेसेज, असं तीन-चार महिने. कल्पना तशी जुनी आहे, एडवर्ड हॅलोवेल आणि जॉन रेटी या दोन अमेरिकन डॉक्टरांनी १९९४ सालच्या त्यांच्या पुस्तकात कोच ठेवा असं लिहिलं होतं. आता प्रामाणिकपणे हेही सांगते की कोचिंगवरचे अभ्यास अजून छोटेछोटेच आहेत, बरेचसे अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांवर केलेले, निष्कर्ष आशादायक आहेत पण औषधांमागे जेवढा पुरावा आहे तेवढा इथे नाही. त्यामुळे गोळीऐवजी कोच असा हिशोब करू नका.

आणि फोटोंचं म्हणाल तर, गोळीचा असर सुरू होताना समोर जे असेल त्याला ती चिकटवते. म्हणून सकाळी उठून ठरवायचं नाही, रात्रीच रिपोर्टची फाइल उघडी ठेवून लॅपटॉप बंद करायचा, उघडला की तीच समोर. दोन आठवडे करून बघा. सात ॲप्समधली सहा काढून टाका म्हणणार होते पण तो शनिवार-रविवारचा प्रोजेक्ट होऊन बसेल, राहू देत.

"ताई, मी मूळचा लातूरचा, वय २६, पुण्यात एमपीएससी करतोय. अभ्यासिकेत बसलो की चार-पाच तास होतो अभ्यास. रूमवर पुस्तक उघडलं की भांडी घासावीशी वाटतात, एरवी कधी घासत नाही. पैसे वाचवायला अभ्यासिका सोडली, रूमवर बसायचं ठरवलं, दोन महिने पाण्यात गेले. घरी सांगायची लाज वाटते. अजून डॉक्टरकडे गेलो नाही. कोच परवडणार नाही."

अरे, मग परत जा ना अभ्यासिकेत, आजच. खरंच सांगतेय.

परदेशात यासाठी लोक पैसे भरून ऑनलाइन सेशन लावतात, कॅमेरा चालू ठेवून अनोळखी माणसं आपापलं काम करत बसतात, कुणी कुणाशी बोलत नाही, त्याला बॉडी डबलिंग असं भारदस्त नाव आहे. सदाशिव पेठेत आणि नारायण पेठेत हे इतकी वर्षं चाललंय की कुणाला त्याचं काही वाटतच नाही. शेजारच्या टेबलावर कुणीतरी मान खाली घालून बसलंय एवढ्याने आपलंही बूड टिकतं. का टिकतं याची उत्तरं बरीच देतात लोक, मला सगळ्यात पटतं ते हे की अभ्यासिकेत दुसरं करण्यासारखं काही नसतं आणि उठलास तर चार डोळे वर होतात. तू अभ्यासिकेचा खर्च चैनीत धरला होतास, तो चष्म्याच्या खर्चात धर. काटकसर करायचीच तर दुसरीकडे कर, आणि महिन्याचे पैसे अजिबातच निघत नसतील तर तुझ्यासारखाच एक पार्टनर गाठ आणि दोघं मिळून रोज ठरलेल्या वेळी एखाद्या सार्वजनिक वाचनालयात बसा. पार्टनर मित्र नसला तर जास्त बरं, मित्र असला की चहा होतो.

टाइमरचं तुला माहीत असेलच, पंचवीस मिनिटं काम पाच मिनिटं सुट्टी, फ्रान्सेस्को सिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने टोमॅटोच्या आकाराच्या किचन टायमरवर हे सुरू केलं म्हणून त्याला पोमोडोरो म्हणतात. सगळे सांगतात म्हणून मीही सांगतेय पण एक भर घालते, त्या पाच मिनिटांत फोन हातात घ्यायचा नाही. खाली जाऊन ये, पाणी पी, नुसता उभा राहा. फोन घेतलास की ती पाच मिनिटं कधी पन्नास होतात ते तुला कळणारही नाही, वेळ किती गेला याचा अंदाजच आपल्याला नीट येत नाही, तो या दुखण्याचाच भाग आहे. म्हणून मनगटाला किंवा टेबलावर काट्यांचं घड्याळ ठेव, आकड्यांचं नको, काटा सरकलेला दिसतो.

आता निदानाचं. पैशाअभावी ते टाळू नकोस. ससूनमध्ये मानसोपचार विभागाची ओपीडी आहे, सरकारी आहे, गर्दी असते, सकाळी लवकर जा आणि सोबत कुणालातरी घेऊन जा नाहीतर रांगेतून परत येशील, मी ओळखते आपल्या जमातीला. त्याआधी नुसतं बोलायचं असेल तर केंद्र सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. घरी काय सांगायचं ते डॉक्टरांना भेटून आल्यावर ठरव.

"मॅडम, कोल्हापूरहून लिहितोय. मुलगा १९ वर्षांचा, इंजिनिअरिंगला आहे, होस्टेलवर. पहिल्या वर्षात चार विषय गेले. डॉक्टरांनी एडीएचडी सांगितलंय. रोज सकाळी फोन करून त्याला उठवेल, अभ्यासाला बसवेल आणि दर रविवारी मला रिपोर्ट देईल असा कडक कोच सुचवा. फीची काळजी नाही. बारावीपर्यंत ८८ टक्के होते, तेव्हा काही नव्हतं, आता अचानक कसं आलं हेही कळत नाही."

दादा, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

अचानक आलेलं नाही ते. बारावीपर्यंत त्याला उठवत कोण होतं? डबा कोण देत होतं, क्लासला कोण सोडत होतं, जर्नल पूर्ण झालं का कोण बघत होतं? तुमच्या घरात तो सगळा सांगाडा होता आणि त्या सांगाड्यात हुशार पोरगा नीट उभा होता. होस्टेलला गेला, सांगाडा इथेच राहिला. फार मुलांचं असंच होतं, बारावीनंतर किंवा पहिल्या नोकरीत उघडं पडतं. आठवून बघा, लहानपणी वॉटरबॅग किती हरवल्या?

आता कडक कोच. असा माणूस पैसे दिले की मिळेल, नाही असं नाही, पण ते कोचिंग होणार नाही, ते फोनवरून चालवलेलं होस्टेलचं रेक्टरपण होईल. मारून मुटकून वैद्यबुवा करता येत नाही. तुमचा मुलगा १९ वर्षांचा आहे, कोचिंग त्याच्याशी ठरतं, तुमच्याशी नाही. मी तर पहिल्या भेटीतच आईवडिलांना स्पष्ट सांगते की फी तुम्ही भरली तरी आत काय बोललो ते तुम्हाला सांगणार नाही, तो आला की नाही एवढंच कळेल, तेही त्याला विचारून. यावर एक वडील माझ्याशी भांडून गेले होते. दोन महिन्यांनी मुलगा स्वतः आला, उशिरा आला, चुकीच्या दिवशी आला, पण आला.

रविवारचा रिपोर्ट गेला की काय होतं सांगू? मुलगा कोचशी खोटं बोलायला लागतो. बाकीच्या सगळ्यांशी तर बोलतच असतो तो, "हो झालं", "हो करतोय", कारण खरं सांगितल्यावर काय होतं ते वर्षानुवर्षं पाहिलेलं असतं. निदान एक माणूस असा हवा ज्याला "नाही झालं, पुस्तक उघडलंसुद्धा नाही" असं सांगितलं तरी समोरचा म्हणेल बरं, पुस्तक होतं कुठे?

तुम्ही काय करू शकता ते सांगते, आणि हे कोचपेक्षा महत्त्वाचं. एक, डॉक्टरांना विचारा की सोबत लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण, आहे का ते तपासायचं का, पुष्कळदा दोन्ही जोडीने असतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यांत एडीएचडीचं वेगळं नाव नाही, पण स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटीचं आहे, ऑटिझमचंही आहे, त्यामुळे परीक्षेत ज्यादा वेळ वगैरे मिळायचं असेल तर त्या तपासणीला आणि सर्टिफिकेटला महत्त्व आहे. मग युनिव्हर्सिटीत आणि कॉलेजात चौकशी करा, प्रत्येक ठिकाणचे कागद वेगळे. दोन, औषध सुरू असेल तर ते वेळेवर मिळतं का बघा. एडीएचडीवर दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या सरकारी यादीत येतं, चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदार ठेवून घेतो आणि सगळ्या मेडिकलमध्ये ते नसतंच. दर महिन्याला नवीन चिठ्ठी, ठराविक दुकान, ठराविक तारीख, म्हणजे ज्याला हेच जमत नाही त्यालाच हे करायचंय! इथे बापाने मदत केली तर ती कडकपणा नाही, खरी मदत आहे. तीन, सकाळचा फोन. तुम्ही करू नका, रूम पार्टनरशी सौदा करायला सांगा, उठव मला, रविवारचा नाश्ता माझ्याकडून. चार विषयांत अडकलेली मुलं निघालीयेत बाहेर, बरीच.

"फोंड्याहून. मी ४६, गृहिणी. मुलीला, चौदाची आहे, एडीएचडी आहे असं निदान झालं. डॉक्टर तिला प्रश्न विचारत होते आणि मी शेजारी बसून मनात हो, हो, हो म्हणत होते. घरात बोलले तर सगळे हसले, या वयात हे काय नवीन खूळ. दोन वर्षांत विसरणं फारच वाढलंय. दूध तर रोज उतू जातं."

हसू देत त्यांना. हे घराण्यात चालतं, जुळ्यांवरच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा साधारण ७० ते ८० टक्के निघतो, उंचीचा असतो त्याच्या जवळपास. मुलांच्या निदानाच्या वेळी आईला किंवा बापाला आपलंच चित्र दिसणं ही माझ्याकडे येणाऱ्या बायकांची सगळ्यात कॉमन गोष्ट आहे. आपल्या पिढीत मुलींचं निदान व्हायचंच नाही, कारण वर्गात बाकावर नाचणारा मुलगा सगळ्यांना दिसतो, खिडकीतून बाहेर बघत शांत बसलेली मुलगी कुणालाच त्रास देत नाही.

पण लगेच शिक्का मारून घेऊ नका. २०१३ पासून डॉक्टर जे अमेरिकन निकष वापरतात त्यांत अशी अट आहे की काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांच्या आधीपासून असायला हवीत, आणि ती एकाच ठिकाणी नाही, घर, शाळा, काम अशा दोन तरी ठिकाणी दिसायला हवीत. म्हणून माहेरी गेलात की जुनी प्रगतिपुस्तकं शोधा. माझ्या तिसरीच्या प्रगतिपुस्तकात बाईंचा शेरा आहे, "हुशार आहे परंतु वर्गात नसते." वर्गात नसते! हजेरी पूर्ण होती. डॉक्टरांनी तो कागद वाचला आणि मान हलवली, तेव्हा मला तीस वर्षं उशिरा का होईना बाईंचे पाय धरावेसे वाटले.

दोन वर्षांत वाढलंय म्हणता, तर वय बघता पाळीचं काय चाललंय तेही डॉक्टरांना सांगा, पाळी जायच्या काळात बऱ्याच बायकांना विसरणं आणि चिडणं वाढल्यासारखं वाटतं, आधी एडीएचडी असेल तर जास्तच. सोबत थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी ट्वेल्व्ह बघून घ्या, झोप कशी आहे तेही सांगा, यातल्या प्रत्येकाने डोकं जड होतं. गोव्यात बांबोळीला आयपीएचबी आहे, सरकारी मानसोपचार संस्था, तिथे ओपीडीत दाखवता येईल.

आणि दुधासाठी शिट्टीचा मिल्क कुकर घ्या. दुहेरी भांडं असतं ते, मध्ये पाणी घालायचं, दूध तापलं की शिट्टी वाजते. आमच्याकडे आहे. तो घ्यायला मी सात वर्षं घालवली कारण सासूबाई म्हणायच्या गॅससमोर उभं राहिलं की झालं, त्याला भांडं कशाला. बरोबर होतं त्यांचं, उभं राहिलं की झालंच असतं. मी उभीच राहायचे, फक्त डोकं दुसरीकडे असायचं. हल्ली सेशनमध्ये कुणी अलार्म लावायला लाजलं की मी मिल्क कुकरचं सांगते. तसंच कालनिर्णयचं. १९७३ पासून अख्खा महाराष्ट्र भिंतीवर दुधाचे खाडे, गॅसचा नंबर, कामवाल्या बाईची सुट्टी लिहितोय, डोक्यातलं बाहेर काढून भिंतीवर लावायचं हीच तर कोचिंगमधली निम्मी विद्या आहे. तुमचं कालनिर्णय दाराच्या मागे असेल तर समोर आणा, फ्रिजशेजारी, आणि पेन दोऱ्याने बांधून टाका. पेन बांधलं नाहीत तर पुढच्या आठवड्यात ते मुलीच्या कंपासमध्ये सापडेल.

मुलीचा अभ्यास, तिची बॅग, तिचं वेळापत्रक हे सगळं एकटीच्या अंगावर घेऊ नका. एक विसरणारी दुसरीला आठवण करून देणार, यात दोघीही रडतात. तिच्यासाठी शाळेतल्या समुपदेशक बाई, मावशी, कुणीतरी तिसरी गाठा.

"डोंबिवलीहून. नवऱ्यासाठी ऑनलाइन कोच लावला. बारा सेशनचे ५०,००० आधी घेतले. तिसऱ्या सेशनला म्हणाले गोळ्या बंद करा, ९० दिवसांत मेंदू नैसर्गिकरीत्या बरा करून देतो, आमची पावडर घ्या. नवऱ्याला त्यांच्यावर विश्वास आहे. काय करू?"

गोळ्यांच्या डॉक्टरांना आज फोन करा, हे सगळं सांगा. औषध बदलणं, कमी करणं, थांबवणं हे फक्त तेच ठरवतात. कोचने त्यात तोंड घातलं की तो कोच नाही, संपलं. एडीएचडी ९० दिवसांत बरा करणारी पावडर या जगात नाहीये, त्रास कमी होतो, वयाप्रमाणे बदलतो, सांभाळता येतो, पण गॅरंटी देणारा माणूस दिसला की चप्पल घालायची.

पैशाचं, जे काही मेसेज, जाहिरात, पावती आहे त्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि लेखी परत मागा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

बाकीच्यांसाठी पण लिहिते कारण अशी अजून तीन पत्रं आहेत. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी लागते, नंबर विचारता येतो. कोचला असलं काहीही लागत नाही, उद्या सकाळी तुम्ही पाटी लावलीत तरी चालेल. म्हणून विचारायचं, शिकलात कुठे, एडीएचडीचंच प्रशिक्षण घेतलंय की नुसतं मोटिव्हेशनल स्पीकर आहात, एकेका सेशनचे पैसे देता येतील का. आणि माझा लाडका प्रश्न, मी सेशनच विसरलो तर काय कराल? जो म्हणेल "पैसे गेले, शिस्त लागायला हवी" त्याला या आजाराचं अ की ठ कळत नाही. फी बुडू शकते, ते ठीक आहे, त्याचाही वेळ असतो, पण विसरू नये म्हणून आपण दोघं काय करूया हे तो आधी बोलला पाहिजे.

"मी २२, नागपूर. रील्स बघून वाटतं मला एडीएचडी आहे. सगळी लक्षणं जुळतात."

जुळणारच गं, रील तशीच बनवलेली असते. लक्ष न लागणं, किल्ल्या हरवणं हे कमीजास्त सगळ्यांनाच असतं, प्रश्न किती, कधीपासून आणि त्यामुळे आयुष्यात काय काय मोडलं हा आहे. मोठ्या माणसांत शंभरात साधारण दोन-तीन जणांना असतो असं धरतात. तू एक कर, दोन आठवडे रात्री साडेअकराला फोन दुसऱ्या खोलीत ठेवून झोप. तरीही सगळं तसंच असेल आणि शाळेतही तसंच होतं असं आठवत असेल तर डॉक्टरांकडे जा, कोचकडे नाही. आधी डॉक्टर.

"नमस्कार ताई, मी मूळचा साताऱ्याचा, आठ वर्षं इंग्लंडमध्ये, रेडिंगला आहे. गेल्या वर्षी इथेच निदान झालं, वय ३७. मॅनेजर चांगला आहे, सहकारी म्हणतात सरकार कोचचे पैसे देतं, फॉर्म भर. चार महिने झाले, फॉर्म टॅबमध्ये उघडा आहे. आणि एक विचित्र गोष्ट. इथला कोच इंग्लिश असणार. ऑफिसात माझं सगळं इंग्लिशमध्ये चालतं, पण मी चुकलो की डोक्यात जे बोलणं पडतं ते अस्सल मराठीत पडतं, आमच्या आईच्या आवाजात. ते मी त्याला कसं सांगू?"

सहकारी बरोबर सांगतायत. ॲक्सेस टू वर्क नावाची योजना आहे, नोकरी करताना अपंगत्वामुळे किंवा आजारामुळे जी जादा मदत लागते तिचे पैसे सरकारकडून मिळतात, एडीएचडी कोचिंग त्यात बसतं, अर्ज कंपनीने नाही तुम्ही स्वतः करायचा. मंजुरीला बरेच महिने लागतात असं तिकडचे लोक सांगतात, म्हणून टॅब उघडा ठेवण्यात अजून चार महिने घालवू नका. शिवाय २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टखाली कंपनीलाही वाजवी सोयी द्याव्या लागतात, तुमचा त्रास त्या कायद्याच्या व्याख्येत बसत असेल तर. मीटिंगनंतर लेखी मुद्दे मिळणं, कोपऱ्यातली शांत जागा, या साध्या गोष्टी असतात. मॅनेजर चांगला आहे तर त्यासाठी कोचची वाट बघू नका, मागून टाका.

आईच्या आवाजाचं जे लिहिलंय ते वाचून मी थोडा वेळ काही लिहिलं नाही. विचित्र अजिबात नाही ते. माझ्या डोक्यातही "तुझं डोकं ठिकाणावर असतं का गं कधी" हे वाक्य माझ्या आत्याच्या सुरात येतं आणि त्याचं इंग्लिश केलं तर त्यात काहीच उरत नाही, कुणालाही ते चारचौघांसारखं रागावणं वाटेल. तर तुम्ही भाषांतर करूच नका. वहीत ती वाक्यं मराठीत जशीच्या तशी उतरवा, कोचला दाखवा आणि म्हणा की हे माझ्या आईचं आहे आणि हे ऐकू आलं की माझे हात थांबतात. त्याला शब्द कळले नाहीत तरी चालेल, हात कधी थांबतात ते कळलं तरी त्याचं काम सुरू होतं. ऑफिसची कामं त्याच्याबरोबर करा. आवाजाचं दुखणं खोल असेल तर त्यासाठी मराठी बोलणारा थेरपिस्ट ऑनलाइन शोधा, ते काम वेगळं आहे.

आणि फॉर्म येत्या शनिवारीच. एकटे बसू नका. तुमच्याकडे उन्हाळ्याची वेळ, म्हणजे घड्याळ तासभर पुढे केलेलं, चालू असेल तर सकाळी दहाला आईला व्हिडिओ कॉल लावा, इकडे अडीच वाजलेले असतील, जेवणं उरकून ती मेथी निवडत बसलेली असेल. फोन समोर टेकवून ठेवायला सांगा. तिने तिची भाजी निवडायची, तुम्ही तुमचा फॉर्म भरायचा. मध्ये "झालं का रे?" विचारायचं नाही, एवढं मात्र आधीच कबूल करून घ्या.